स्लाइड फिल्म सी-४१मध्ये धुतली की प्रत्येक रोल वेगळ्याच रंगाचा का निघतो? (सोलापूरच्या उन्हाळ्यासकट)

थेट पॉझिटिव्ह चित्र देणारी, ई-६ प्रोसेससाठी बनवलेली स्लाइड फिल्म मुद्दाम सी-४१ या कलर नेगेटिव्हच्या प्रोसेसमध्ये धुणं म्हणजे क्रॉस-प्रोसेस. त्याबद्दलची तक्रार ठरलेली आहे. स्लाइड फिल्म तीच, सी-४१चं किट तेच, टँक तोच. तरी एक रोल हिरवा निघतो, पुढचा जांभळट, आणि तिसऱ्यात सावल्या निळ्या तर आभाळ पिवळं. मग कुणीतरी म्हणतं, "क्रॉस-प्रोसेस म्हणजे लॉटरीच ओ, लागली तर लागली."

मला हे पटत नाही. क्रॉस-प्रोसेसचे रंग विचित्र असतात, त्यासाठीच तर आपण ते करतो. पण तीच फिल्म, तोच प्रकाश आणि तीच प्रोसेस असेल तर विचित्रपणाही तोच यायला हवा. दर रोलला वेगळा येत असेल तर चारांपैकी एक गोष्ट हलते आहे: डेव्हलपर (त्याचं तापमान किंवा वय), एक्स्पोजर, फिल्मची साठवण किंवा स्कॅनर. यातली कुठली हलली ते नेगेटिव्हवर लिहिलेलं असतं. स्कॅन बघून निदान करायला गेलात की फसलात, कारण स्कॅनरने त्यात स्वतःचं मत घातलेलं असतं.

आधी हे ठरवा: रंग फ्रेमगणिक बदलतो की रोलगणिक?

रोल वाळला की कापायच्या आधी खिडकीशी किंवा मोबाइलच्या पांढऱ्या स्क्रीनवर धरा आणि सलग बघा. एकाच रोलमध्ये, एकाच उजेडात घेतलेल्या शेजारशेजारच्या दोन फ्रेम डोळ्यांना सारख्या दिसतात आणि स्कॅनमध्ये मात्र एक हिरवी, एक लाल दिसते? मग केमिकलला हात लावू नका, गुन्हेगार स्कॅनर आहे. थेट खालच्या स्कॅनरच्या भागाकडे जा.

फ्रेम डोळ्यांनाही वेगवेगळ्या दिसतात, काही दाट आणि काही विरळ? तो एक्स्पोजरचा मामला. अख्खा रोल एकसारखा आहे, पण मागच्या रोलपेक्षा वेगळा? मग तापमान, केमिकलचं वय किंवा फिल्मची साठवण. एवढ्या एका प्रश्नाने निम्मं काम होतं, आणि तोच कुणी विचारत नाही.

रंग मुळात का सरकतो

थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. ई-६ प्रोसेसमध्ये स्लाइड फिल्म आधी ब्लॅक अँड व्हाइट डेव्हलपरमधून जाते, ३८ अंशांना साधारण ६ मिनिटं. मग रिव्हर्सल (चित्र उलटवण्याचा टप्पा) होतं, आणि उरलेल्या सिल्व्हर हॅलाइडवर, म्हणजे चांदीच्या प्रकाशसंवेदी कणांवर, कलर डेव्हलपर रंग चढवतो. म्हणून थेट पॉझिटिव्ह चित्र मिळतं. सी-४१मध्ये हा पहिला टप्पाच नाही. फिल्म सरळ कलर डेव्हलपरमध्ये जाते आणि नेगेटिव्ह बनते. त्यातही ई-६च्या कलर डेव्हलपरमध्ये सीडी-३ हे रसायन असतं, सी-४१मध्ये सीडी-४. फिल्ममधले रंग तयार करणारे घटक सीडी-३ गृहीत धरून घातलेले असतात. समोर सीडी-४ आला की तयार होणारे पिवळा, मॅजेंटा आणि सायन हे तिन्ही रंग जरा निराळे होतात.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे फिल्मचे तीन थर एकमेकांच्या मापात राहत नाहीत. ई-६मध्ये तिन्ही थरांचे वक्र (किती उजेडाला किती रंग चढतो त्याचे आलेख) जुळवलेले असतात, सी-४१मध्ये ते फाकतात. म्हणून सावल्यांना एक छटा आणि उजळ भागांना दुसरीच. हे एका फिल्टरने किंवा एका स्लायडरने जात नाही. सावल्यांतला हिरवा काढला की आभाळ गुलाबी होतं. अशा फोटोशी भांडत बसू नका, तो क्रॉस-प्रोसेसचा खरा स्वभाव आहे. शिवाय कॉन्ट्रास्ट बराच वाढतो. आणि साध्या कलर नेगेटिव्हला असतो तो नारिंगी मास्क (अख्ख्या फिल्मवरची नारिंगी छटा) स्लाइड फिल्मला नसतो.

फिल्मप्रमाणे कल बदलतो. फुजीफिल्मची प्रोव्हिया १००एफ बहुधा हिरव्याकडे झुकते, व्हेल्विया १०० लाल-मॅजेंटाकडे. त्यामुळे तुमचा पहिला रोल प्रोव्हिया आणि दुसरा व्हेल्विया असेल तर रंग वेगळे आले याचं आश्चर्य वाटून घेऊ नका. निदान करायचं तर एकाच फिल्मवर करा.

एक सावधगिरीची सूचना इथेच. वडिलांच्या कपाटात जुनी कोडाक्रोम सापडली तर ती सी-४१मध्ये टाकू नका. तिच्यात रंग तयार करणारे घटकच नसतात, ते के-१४ प्रोसेसच्या डेव्हलपरमधून येत, आणि ती प्रोसेस २०१०च्या शेवटाला बंद झाली. शिवाय तिच्या पाठीवर कार्बनचा काळा थर असतो. तो सुटून सगळं केमिकल घाण करतो. सिनेमाच्या कलर नेगेटिव्ह फिल्मचं तेच, पाठीवर काळा थर असेल तर घरच्या सी-४१ किटपासून लांब ठेवा.

कडेची पट्टी वाचा

फ्रेमच्या बाहेर, छिद्रांच्या रांगेत, फिल्मचं नाव आणि फ्रेमचे आकडे छापलेले असतात. हे आकडे कारखान्यातच प्रकाशाने उमटवलेले असतात आणि तुमच्या प्रोसेसमध्ये डेव्हलप होतात. म्हणजे प्रत्येक रोलसोबत एक फुकटचा टेस्ट एक्स्पोजर येतो, तुमच्या कॅमेऱ्याशी काही संबंध नसलेला.

क्रॉस-प्रोसेसमध्ये ते आकडे मोकळ्या पार्श्वभूमीवर गडद दिसायला हवेत. आकडे ठसठशीत आहेत, पण फ्रेम विरळ आहेत? डेव्हलपरने त्याचं काम केलं, कॅमेऱ्यात उजेड कमी पडला. आकडेही फिके आणि फ्रेमही फिक्या? डेव्हलपर थंड होता, म्हातारा झाला होता किंवा वेळ कमी पडली. आकडे नेहमीपेक्षा जाड, कडा फुगलेल्या आणि उजळ भाग काळेकुट्ट? डेव्हलपर तापला होता. याला अपवाद एक: मुदत संपून बरीच वर्षं झालेल्या फिल्मवर आकडे आपोआपच फिके पडतात. तिथे त्यांच्यावर भरवसा ठेवू नका.

आता आकड्यांच्या मधली रिकामी पट्टी बघा. तिच्यावर उजेड कधी पडलेलाच नाही. ती जवळजवळ पारदर्शक, फार तर हलक्या छटेची हवी. तिलाच दाट रंग चढला असेल तर फिल्म उष्णतेने किंवा वयाने धुरकटली आहे, किंवा ब्लीच (फिल्ममधली चांदी हटवण्याचा टप्पा) अर्धवट झालं आहे. दोन्हींतला फरक ओळखायला सोपा उपाय आहे. टोकाचा एक निरुपयोगी तुकडा कापा आणि उजेडातच पुन्हा ताज्या ब्लीच-फिक्समध्ये (ब्लीच आणि फिक्सर एकत्र असलेलं द्रावण) टाका. तुकडा उजळला, रंग खुलले, तर फिल्ममध्ये चांदी राहिली होती. अख्खा रोल पुन्हा ब्लीच-फिक्स करा, धुवा, वाळवा, नुकसान काही नाही. तुकड्यात फरक पडला नाही, तर फिल्मच धुरकट आहे. त्याला इलाज नाही.

हा दोन मिनिटांचा तपास दर रोलला करा. स्कॅनरला वीज द्यायच्या आधी.

तापमान: सोलापुरात भीती थंडीची नाही

बहुतेक सगळ्या मार्गदर्शिका थंड देशांत लिहिलेल्या आहेत. त्यांचा सल्ला एकच, पाणी गरम ठेवा, डेव्हलपर थंड होऊ देऊ नका. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी पारा बेचाळीसच्या पुढेही जातो, आणि गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी नळाला येतं तेव्हा हात भाजतो. डेव्हलपरला पाहिजे ३७.८ अंश, आणि कोडॅकच्या मापाप्रमाणे फरक चालतो फक्त ०.१५ अंशाचा. वेळ ३ मिनिटं १५ सेकंद. एवढ्या थोड्या वेळात दोन-तीन अंश चढले तर फिल्मचा वरचा थर पुढे धावतो, तळाचा मागे राहतो, आणि तिघांचं आधीच बिघडलेलं गणित आणखी बिघडतं.

सोलापूरच्या पूर्व भागात ज्यांचं डाईंगचं, म्हणजे सूत रंगवण्याचं, काम आहे त्यांना हे समजावून सांगायची गरज पडत नाही. सूत तेच, रंग तोच, पण कढईचं तापमान बदललं की एका लॉटचा शेड दुसऱ्या लॉटला लागत नाही. फिल्मचं तंतोतंत तेच आहे, फक्त इथे एका कढईत तीन रंग एकदम चढत असतात.

गोंधळ असा होतो. बादलीत पाणी घेऊन सू-व्हीद हीटर (पाणी ठरलेल्या तापमानापर्यंत तापवणारा) लावतात, आकडा ३८ ठेवतात आणि निश्चिंत होतात. हीटर फक्त गरम करू शकतो. खोलीच ४० अंशांना असेल तर हीटर गप्प बसलेला असतो आणि बादली खोलीच्या मागे मागे चढत राहते. स्क्रीनवर आकडा बरोबर दिसतो तो सुरुवातीला. शेवटी काय होता ते कुणी बघत नाही.

उपाय म्हणून बर्फ टाकत राहणं मला पसंत नाही. बर्फाने बादली कुठे गार, कुठे गरम होते आणि तापमान झोके घेतं. टाकायचाच असेल तर बर्फ पिशवीत घट्ट बांधून टाका, पाणी ढवळत राहा, आणि तापमान स्थिर झाल्यावरच डेव्हलपर ओता. माठातलं पाणी जास्त कामाचं. ते थोडं थोडं मिसळून खाली आणता येतं, एकदम धक्का बसत नाही. पण खरा उपाय वेळ बदलणं हाच आहे. मे महिन्यात पहाटे खोली ३८च्या बऱ्यापैकी खाली असते, म्हणजे हीटरला करायला काम उरतं आणि तापमान धरून ठेवता येतं. उन्हाळ्यात दुपारी रंगीत फिल्म धुऊ नये, हा माझा सरळ सल्ला. पहाट जमत नसेल तर रोल फ्रीजमध्ये ठेवा आणि पावसाळ्याची वाट बघा.

जानेवारीत उलट. रात्री गारठा असतो, प्लास्टिकचा टँक बादलीबाहेर काढून हलवत बसलात तर डेव्हलपर निवतो. तेव्हा हलवून झालं की लगेच टँक परत पाण्यात. गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या) यात्रेचे रोल बहुधा त्याच आठवड्यात धुतले जातात आणि विरळ निघतात, त्याचं कारण बऱ्याचदा हे असतं.

तापमान मोजायचं ते डेव्हलपरच्या बाटलीत, बादलीत नाही. आणि दोनदा: ओतण्यापूर्वी, आणि परत बाटलीत ओतल्यावर. दोन्ही आकडे वहीत लिहा. पुढचा रोल वेगळा आला की आधी वही उघडा. थर्मामीटर कुठला, हा वाद मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. अर्धा अंश चुकीचा दाखवणारा पण दर वेळी तितकाच चुकणारा थर्मामीटर चालतो. दर वेळी नवा थर्मामीटर चालत नाही.

दिलासा एवढाच की हा कडकपणा फक्त डेव्हलपरपुरता आहे. ब्लीच, फिक्सर आणि धुण्याचं पाणी २४ ते ४१ अंशांमध्ये कुठेही चालतं. सगळ्या बाटल्या ३७.८ला आणायच्या नादात डेव्हलपरकडे दुर्लक्ष करू नका.

डेव्हलपरच्या वयाचंही इथेच सांगून टाकतो. उकाड्यात तो लवकर मरतो. बाटली अर्धी रिकामी ठेवली की हवा त्याला खाते. लहान बाटल्यांत गळ्यापर्यंत भरा, कमी पडला तर काचेच्या गोट्या टाकून पातळी वर आणा. रोल टाकायच्या आधी फिल्मच्या उघड्या टोकाचा तुकडा उजेडातच डेव्हलपरमध्ये बुडवा. ठरलेल्या वेळात तो नीट काळपट झाला नाही, तर रोल वाया घालवू नका.

एक्स्पोजर: मुदलात चुकतं ते इथे

स्लाइड फिल्म वापरणाऱ्याच्या हाताला एक सवय असते. उजळ भाग राखायचे, थोडं कमी एक्स्पोज करायचं, एक तृतीयांश स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा उजेड) इकडचा तिकडे होऊ द्यायचा नाही. ई-६साठी ही सवय सोन्यासारखी आहे. सी-४१मध्ये ती मारक ठरते. आता तुम्ही नेगेटिव्ह बनवताय, आणि नेगेटिव्हमध्ये सावल्यांना उजेड मिळाला नाही तर तिथे काहीच उमटत नाही. मग स्कॅनर त्या रिकाम्या जागेतून काहीतरी ओढून काढतो. हा जो गढूळ, शेवाळासारखा हिरवा दिसतो, तो बहुतेक वेळा कमी एक्स्पोजरचा हिरवा असतो आणि लोक त्याला क्रॉस-प्रोसेसचा रंग समजतात.

म्हणून सी-४१मध्ये टाकायची हे ठरलेलं असेल तर १००ची फिल्म मीटरवर ५०ला लावा, म्हणजे एक स्टॉप जास्त. सावल्या भरतात, रंगाचा कल सौम्य होतो. रोल अर्धा झाल्यावर "चला, हा क्रॉस-प्रोसेस करू" असं ठरवलं तर अर्धा रोल विरळ निघणार, आणि मग तुम्ही म्हणणार रंग बदलतात. हा निर्णय फिल्म भरतानाच घ्यायचा.

पण एक स्टॉप जास्त दिला की पांढऱ्याचं काय? इथे सोलापूरचं उदाहरण घेऊ. सिद्धेश्वर यात्रेत अक्षता सोहळ्याला संमती कट्ट्याभोवती पांढऱ्या बाराबंदीतली गर्दी, वर उन्हाचा कडाका, आणि मध्ये सावळे चेहरे. मुळातच दृश्यात कॉन्ट्रास्ट ठासून भरलेला. त्यावर सी-४१ आणखी वाढवणार. चेहऱ्यांसाठी एक्स्पोज केलं तर बाराबंदीच्या घड्या जातात, नेगेटिव्हवर तिथे नुसता काळा डाग राहतो. बाराबंदीसाठी केलं तर चेहरे हिरव्या चिखलात. कुठल्याही आयएसओला लावा, यातून सुटका नाही. अशा वेळी साधी कलर नेगेटिव्ह फिल्म वापरा, हेच माझं मत. क्रॉस-प्रोसेस हा प्रत्येक प्रसंगाचा उपाय नव्हे.

उलट जिथे उजेड मऊ आहे तिथे ही प्रोसेस खुलते. पूर्व भागात कारखान्याच्या आत, छपराखालच्या मंद उजेडात टांगलेलं रंगीत सूत. आभाळ भरून राहतं, त्या ऑगस्ट-सप्टेंबरच्या दिवसांत भुईकोटाची तटबंदी. सूर्य वर यायच्या आत तळ्यातलं सिद्धेश्वराचं देऊळ. महापालिकेच्या इंद्रभुवन इमारतीच्या कोरीव दगडावर ऊन नसताना जे नक्षीकाम दिसतं ते. विषय सपाट असला की प्रोसेस त्याला धार देते. विषयालाच धार असेल तर ती कापते.

यात्रेतल्या शोभेच्या दारूकामाचं वेगळं. तिथे काळं आभाळ काळंच हवं असतं, त्यामुळे सावल्यांची चिंता नाही. पण एक्स्पोजर लांब असतं, आणि तिथे फिल्म फिल्ममध्ये फरक पडतो. प्रोव्हिया १००एफला फुजीफिल्मच्या माहितीपत्रकाप्रमाणे १२८ सेकंदांपर्यंत कुठलीही दुरुस्ती लागत नाही. व्हेल्विया ५०ला मात्र एका सेकंदाच्या पुढेच एक्स्पोजर वाढवावं लागतं आणि मॅजेंटा फिल्टर लावावा लागतो, कारण तिचे थर असमान थकतात. ट्रायपॉडवर, चार-चार सेकंदांनी घेतलेल्या फ्रेम त्याच रोलमधल्या दिवसाच्या फ्रेमपेक्षा वेगळ्या दिसल्या, तर तो दोष केमिकलचा नाही.

नव्या फिल्मचा पहिला रोल कलेसाठी वापरू नका. एकच दृश्य, एकच उजेड, त्यात एक पांढरा कपडा आणि एक काळी वस्तू ठेवा. आयएसओ २००, १००, ५० आणि २५ला एकेक फ्रेम घ्या. दोन वेगळ्या उजेडांत हे केलं की आठ फ्रेम जातात, बाकीचा रोल तुमचा. ही पट्टी जपून ठेवा. पुढे शंका आली की नव्या नेगेटिव्हशेजारी तीच धरायची.

कॉन्ट्रास्ट फारच छळत असेल तर आणखी एक वाट आहे: सिनेमाच्या फिल्मची ईसीएन-२ प्रोसेस. तिच्या डेव्हलपरमध्ये सीडी-३च असतं, म्हणजे स्लाइड फिल्मच्या ओळखीचं, आणि नेगेटिव्ह सी-४१पेक्षा बरंच मऊ निघतं. रंगही शांत. तिचं तापमान आहे ४१ अंशांच्या जरा वर, वेळ ३ मिनिटं. मे महिन्यात सोलापूरकराला यापेक्षा सोयीची प्रोसेस मिळणार नाही, टाकीचं पाणीच त्या आकड्याला आलेलं असतं. (गंमत सोडा, तिथेही तापमान मोजावंच लागतं.)

फिल्म टँकमध्ये जायच्या आधीच बिघडलेली असेल तर

स्कूटरच्या डिकीत कॅमेरा ठेवून नवी पेठेत तासभर खरेदी केलीत की डिकीच्या आत काय होतं ते सांगायला नको. उष्णतेने तिन्ही थर सारखे बिघडत नाहीत, म्हणून धुरकटपणालाही रंग असतो. ई-६मध्ये अशा फिल्मचा काळा फिका पडतो, सी-४१मध्ये मोकळ्या पट्टीवर रंग चढतो. परिणाम तोच: सावल्यांमध्ये एक ठरावीक छटा, रोलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

फिल्म फ्रीजमध्ये हवाबंद डब्यात ठेवा. वापरायच्या आधी डबा न उघडता दोन-तीन तास बाहेर राहू द्या, नाहीतर गार फिल्मवर दव धरतं. कॅमेऱ्यात भरलेला रोल उन्हाळ्यात महिनोन् महिने तसाच ठेवू नका. घेतला की संपवा, संपला की धुवा. वापरलेली फिल्म कोऱ्या फिल्मपेक्षा लवकर बिघडते, हे बरेच जण विसरतात.

मुदत संपलेली स्लाइड फिल्म स्वस्तात मिळते आणि ती क्रॉस-प्रोसेससाठीच असते असा समज आहे. हरकत नाही, पण मग रंग दर रोलला सारखा यावा ही अपेक्षा सोडा. ती फिल्म कुणाच्या दुकानात, कुठल्या कपाटात, किती उन्हाळे पडून होती ते तुम्हाला कळणार नाही.

स्कॅनर

स्कॅनरवर "कलर नेगेटिव्ह" हा पर्याय निवडला की तो नारिंगी मास्क आहे असं धरून चालतो आणि तो वजा करतो. स्लाइड फिल्मला मास्क नाही. जे नाही ते वजा केल्यावर जो रंग उरतो, त्यालाच पुष्कळ लोक क्रॉस-प्रोसेसचा रंग म्हणतात. त्यातून ऑटो सुरू असेल तर प्रत्येक फ्रेमचं वेगळं गणित. लाल साडी आली की एक, हिरवं शेत आलं की दुसरं.

स्कॅन पॉझिटिव्ह म्हणून करा, सगळ्या ऑटो सुधारणा बंद करून, १६ बिटमध्ये. फ्रेमसोबत मोकळ्या पट्टीचा थोडा भाग येऊ द्या. मग सॉफ्टवेअरमध्ये चित्र उलटं करा आणि त्या पट्टीला काळं धरून लाल, हिरवा, निळा हे तिन्ही चॅनल वेगवेगळे बसवा. एका चांगल्या फ्रेमवर ही मापं ठरली की अख्ख्या रोलला तीच लावा. कॅमेऱ्याने स्कॅन करत असाल तर शटर, अॅपर्चर आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही कुलूपबंद. खिडकीच्या उजेडावर स्कॅन करू नका, तो दर दहा मिनिटांनी बदलतो. चांगल्या प्रतीचं एलईडी पॅनेल घ्या.

उजळ भागांत नेगेटिव्ह फार दाट असतं. घरगुती फ्लॅटबेडला तिथे आरपार दिसत नाही, नुसता खडबडीतपणा येतो. कॅमेऱ्याने दोन एक्स्पोजर घेऊन जोडले तर बराच तपशील परत मिळतो. तोवर तो भाग जळालाच असं समजू नका.

किरकोळ, पण नेहमी येणारे

फिल्मवर चंद्रकोरीसारखे डाग दिसत असतील तर रिळावर चढवताना फिल्म दुमडली. आपल्याकडे याचं कारण घाम. चेंजिंग बॅगमध्ये (उजेड न शिरणाऱ्या पिशवीत) हात घातले की पाच मिनिटांत आत दमटपणा होतो आणि फिल्म प्लास्टिकच्या रिळाला चिकटते. रात्री न्हाणीघरात दिवे घालवून, दाराच्या फटीला सोलापुरी चादर लावून, उघड्यावर चढवा. रीळ मात्र पूर्ण कोरडं हवं.

पांढरे ठिपके आणि ओघळ हे पाण्याचे. उजनीचं पाणी असो की बोअरचं, शेवटच्या रिन्ससाठी वापरू नका. डेव्हलपर आणि शेवटचा टप्पा डिस्टिल्ड किंवा आरओच्या पाण्यात, मधलं धुणं नळाच्या पाण्यात चालतं. आणि पाणी रोज येत नाही हे लक्षात घेऊन, धुवायला बसण्याआधी पिंप भरलेलं आहे ना ते बघा. ब्लीच-फिक्स झाल्यावर पाणी संपणं ही मौजेची गोष्ट नाही.

नेगेटिव्हचे रंग काही काळाने उडतात, ही तक्रार खरी आहे. स्लाइड फिल्मच्या मॅजेंटा रंगाला स्थिर राहायला फॉर्मल्डिहाइडचा आधार लागतो. ई-६मध्ये तो प्री-ब्लीचमधून मिळतो. आजच्या सी-४१च्या शेवटच्या रिन्समध्ये तो नसतो, कारण आजच्या नेगेटिव्ह फिल्मना गरज नाही. जुन्या धर्तीचा, फॉर्मल्डिहाइड असलेला स्टॅबिलायझर मिळाला तर तो वापरा, खिडक्या उघड्या ठेवून. नाही मिळाला तर रोल वाळल्यावर लगेच स्कॅन करा.

लॅबला पाठवत असाल तर

पुण्या-मुंबईच्या लॅबकडे पाठवताना डबीवरच मार्करने लिहा: "स्लाइड फिल्म, सी-४१मध्ये धुवा". नुसतं "क्रॉस-प्रोसेस" लिहू नका, कारण नेगेटिव्ह फिल्म ई-६मध्ये धुणं यालाही क्रॉस-प्रोसेसच म्हणतात. काही लॅब सी-४१च्या मशिनमध्ये स्लाइड फिल्म घ्यायला नकार देतात. आधी फोनवर विचारा, उगाच आग्रह धरू नका. स्कॅन सपाट आणि ऑटो सुधारणेशिवाय मागा, आणि कापलेली नेगेटिव्ह परत मागवायला विसरू नका, नाहीतर कडेची पट्टी वाचणार कशाची?

उन्हाळ्यात पार्सल आठवड्याच्या सुरुवातीला टाका. शनिवारी टाकलेला रोल रविवारभर कुठल्यातरी पत्र्याच्या गोदामात पडून राहतो.